डबल बेल

आईला परत आणायला साहेब निघाले तेव्हा त्यांच्या बॅगेत आईच्या नावाचं परतीचं विमानाचं तिकीट होतं आणि बाबांनी दिलेलं, चहूबाजूंनी शिवून बंद केलेलं एक कापडी पुडकं होतं. तिकिटावर त्यांचा भरवसा होता. पुडक्यावर त्याहून जास्त होता.

साहेब हे नाव आईनेच चिडवून पाडलेलं, आणि ते घरात असं चिकटलं की बायकोही लाडात आली की तेच म्हणायची. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचं त्यांचं काम. कुठे गोदाम जळालं, ट्रक उलटला, कुणी जिन्यावरून घसरलं की कागद त्यांच्या टेबलावर यायचे. चौदा वर्षं हेच वाचल्यामुळे त्यांना साधा जिनासुद्धा साधा दिसत नसे. अशा माणसाच्या आईने अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीवर सॅक टाकून एकटीने परदेशात फिरायला निघावं, म्हणजे नशिबाने त्यांची थट्टाच मांडली होती.

आई एकतीस वर्षं सरकारी बसमध्ये कंडक्टर होती, आणि त्यातली बरीचशी एकाच रस्त्यावर. शेवटचा थांबा आला की ड्रायव्हर गाडी वळवून घ्यायचा, आई खाली उतरून अर्धा कप चहा घ्यायची आणि आलेल्याच रस्त्याने परत. त्या थांब्याच्या पुढेही रस्ता होता. वडाच्या झाडापाशी वळून तो कुठेतरी जायचा. आई रोज कप हातात धरून त्या वळणाकडे बघायची आणि घड्याळाकडे बघून गाडीत चढायची. तिथेच केव्हातरी तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं. एका समुद्रापासून निघायचं आणि पलीकडचा समुद्र लागेपर्यंत बसनेच जायचं. शेवटचा थांबा आला की उतरायचं आणि तिथून पुढे जाणारी बस धरायची. गाडी मागे वळवायची नाही. वाटेत चार देश लागत होते, पण तो तिच्या दृष्टीने तपशील होता.

रिटायर झाल्यावर चौथ्या महिन्यात ती सॅक घेऊन घरी आली. आत्याने कपाळावर हात मारला. मामाने फोन करून विचारलं, की घरात काही बिनसलंय का. साहेबांनी चारही देशांतल्या रोगांची, दरडींची आणि अपघातांची माहिती काढून आईसमोर ठेवली, आणि आईने ती चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचून “बरं झालं, कामाला येईल” म्हणून घडी करून सॅकमध्ये टाकली. राहता राहिले बाबा. बाबांचं शिवणकामाचं दुकान, आणि त्यांना बस लागते. कंडक्टरच्या नवऱ्याला बस लागावी हा घराण्यातला जुना विनोद आहे. लग्नानंतर ते बायकोच्या गाडीत एकदाच बसले आणि तिसऱ्या थांब्यावर हिरव्या तोंडाने उतरले. ते एवढंच म्हणाले, की तू जाऊन ये, मी घर बघतो. साहेबांचं मत असं, की हा माणूस जन्मात कधी मनातलं बोललेला नाही.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या महिन्यात आईचा फोन चार दिवस लागेना. पाचव्या दिवशी तिने स्वतःच फोन करून कळवलं, की ताप आला होता, आता उतरलाय, उगाच काळजी नको म्हणून सांगितलं नाही. तिचा उतरला तो साहेबांना चढला. आठवड्याभरात त्यांनी रजा टाकली, बायकोला, म्हणजे आईच्या सूनबाईला, ती शिकवते त्या शाळेतून सुट्टी घ्यायला लावली, जाण्याची दोन आणि येण्याची तीन तिकिटं काढली. निघायच्या दिवशी बाबांनी दुकानातून येऊन ते पुडकं हातात ठेवलं. तिच्याच हातात दे म्हणाले, वाटेत उसवून बघत बसू नकोस. साहेबांनी दाबून पाहिलं तर मऊ लागलं. त्यांनी ताडलं, की आईची घरातली शाल असणार, नाहीतर तिची आवडती जुनी उशी. जे बाबांना तोंडाने सांगता आलं नाही ते त्यांनी कापडात बांधून दिलं होतं. हे त्यांनी विमानात सूनबाईला मोठ्या विश्वासाने सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर ढग बघत होती.

बसस्टँडवर आई घ्यायला आली होती. साहेबांनी वाटेत चेहरा तयार करून ठेवला होता, थकल्याभागल्या आईला बघून करायचा असतो तसा, तो फुकट गेला. आई उन्हाने रापली होती, चांगली पाच-सहा किलोने उतरली होती आणि तिने केस खांद्यापर्यंत कापले होते. अंगात आठ खिशांची पँट. आयुष्यभर एका चामडी बॅगेत तिकिटं, सुटे पैसे, पंच आणि डबा कोंबलेल्या बाईला आठ खिसे मिळाल्यावर तिने त्यांचा संसार मांडला होता. उजवीकडे वर पासपोर्ट, खाली रुमाल, डावीकडे गोळ्या, त्याच्याखाली नकाशा, मागे शिट्टी. शिट्टी कशाला, असं साहेबांनी विचारलं. असू दे, असं उत्तर मिळालं. मग तिने दोघांवर बोट फिरवून मोजलं, “एक, दोन, आणि मी तीन,” आणि चालायला लागली. ही तिची सवय जुनी आहे. ती लग्नाच्या पंगतीतसुद्धा माणसं मोजते.

ती राहत होती ते स्वस्तातलं वसतिगृह होतं. तळमजल्यावर स्वयंपाकघर, वर एकेका खोलीत आठ-आठ दुमजली पलंगांवरच्या जागा, खिडकीत वाळत घातलेले मोजे. सगळी पोरंपोरी पंचविशीतली, तेवीस देशांतली, आणि सगळी आईला “आई” म्हणत होती. तिने त्यांना दुसरा शब्दच शिकवला नव्हता. साहेबांना आधी वाटलं, की पोरं गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दात घासायला गेले तेव्हा उलगडा झाला. न्हाणीघरासमोर टॉवेल खांद्यावर टाकून नऊ जण शिस्तीत एका ओळीत उभे होते. आई यायच्या आधी तिथे रोज हाणामारी व्हायची म्हणे. मालकीणबाईने खुणा करून करून साहेबांना सांगितलं, की तुमच्या आईने एकाही माणसाच्या भाषेत न बोलता दोन दिवसांत ही रांग लावली. साहेबांना रांगेच्या शेवटी उभं राहावं लागलं, आणि मनातल्या मनात त्यांची छाती थोडी फुगली.

त्यांनी ती लगेच आत घेतली. ते आईचं कौतुक करायला आले नव्हते.

पण पुढचे दिवस त्यांची पंचाईतच होत गेली. आईला इंग्रजी बेताचं, त्या देशाची भाषा शून्य. ती सरळ मराठीत बोलायची, सावकाश आणि ठाम, आणि समोरच्याला कळायचं. गर्दीच्या बसमध्ये दारापाशी माणसांचा गठ्ठा अडकला होता, तेव्हा तिने “पुढे सरका, मागे जागा आहे” असं एकदाच म्हटलं. अख्खी गाडी पुढे सरकली. घाटातल्या वळणावर सूनबाई दोन्ही हातांनी दांडी धरून उभी, साहेब सीटला चिकटलेले, आणि आई मधल्या वाटेत पाय किंचित फाकवून, कशालाही न धरता पाण्याची बाटली उघडतेय. ड्रायव्हर आरशातून तिच्याकडे बघत राहिला. अनोळखी स्टँडवर अनोळखी लिपीतल्या फलकासमोर ती अर्धा मिनिट उभी राहायची आणि बरोबर फलाटावर घेऊन जायची. साहेबांनी विचारलं तर म्हणाली, की फलक जगात सगळीकडे सारखाच, आधी वेळ, मग गाव, मग फलाट. अक्षरं वाचायची कशाला, जागा वाचायची.

एकाच गोष्टीवर तिचा राग होता. तिथल्या बसमध्ये बेलची दोरी नव्हती. आपल्याकडे छताखालून दोरी गेलेली असते, एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची. तिथे खांबाखांबावर लाल बटण, दाबलं की पुढच्या थांब्यावर गाडी थांबते. दोनदा दाबा, दहादा दाबा, थांबतेच. “यांच्याकडे सोडायची बेलच नाही,” आई म्हणायची. “नुसती थांबवायची.”

पाचव्या दिवशी ती दोघांना बस डेपोत घेऊन गेली. लोक संग्रहालय बघतात, आई डेपो बघते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा तिने डाव्या खिशातून एका फडक्यात गुंडाळलेला आपला पितळी बिल्ला काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्याला त्यावरचं अक्षर कळलं नाही, पण आकडा कळला आणि पितळेची झीज कळली. त्याने फाटक उघडलं. आत एका बसचं चाक काढून ठेवलं होतं, खड्ड्यात उभा राहून एक मेकॅनिक वर बघत होता, भिंतीवर ड्यूटीचा तक्ता होता आणि त्याच्यासमोर तीन ड्रायव्हर कुरकुरत उभे होते. आईने तक्त्याकडे बघून त्यातल्या सगळ्यात वाकड्या तोंडाच्या माणसाला मराठीत विचारलं, की सलग तिसरी रात्रपाळी का रे बाबा. त्याने काय ऐकलं देव जाणे, पण तो तावातावाने आपली कैफियत मांडायला लागला आणि आई मान हलवत राहिली. वीस मिनिटांनी ती त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसून चहा पीत होती आणि एक टक्कल पडलेला ड्रायव्हर तिला आपल्या नातवंडांचे फोटो दाखवत होता. साहेब आणि सूनबाई दाराशी उभे. साहेबांना आठवलं, की लहानपणी “आई काय करते” या प्रश्नाला ते वर्गात “सरकारी नोकरी” एवढंच सांगायचे. तेव्हाची लाज त्यांना आता वाटली, आणि चांगली झोंबली.

असं कौतुक वाटत असताना तिकीट बाहेर काढणं जड जात होतं, पण साहेब कामाचा माणूस. दावा तपासताना ते समोरच्याच्या रडण्याकडे बघत नाहीत आणि हसण्याकडेही नाही. त्यांनी पुरावा गोळा केला. दुसरा जिना चढताना आई कठडा धरते. संध्याकाळी ती उजवा गुडघा चोळते, कुणी बघत नाही असं वाटल्यावर. पुढचा टप्पा सव्वीस तासांच्या घाटातून, पावसात, आणि त्यापलीकडे सहा दिवस फोन लागत नाही. पुन्हा ताप आला तर कळणार कुणाला आणि कसं. हे काही नुसतं भित्रेपण नव्हतं, आणि आईलाही ते ठाऊक होतं.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात तिघंच होते. आई सिंकपाशी अंड्याचं भांडं घासत होती. साहेबांनी तिकीट टेबलावर ठेवलं आणि वर मिठाची बाटली ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. त्यांनी सगळं क्रमाने मांडलं, गुडघा, घाट, पाऊस, फोन. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाले, “तू काय आहेस ते बघितलं मी या दिवसांत. आत्याला सांगेन, मामाला सांगेन, ऑफिसात सांगेन. पण आता बास झालं, आई. उद्या आमच्याबरोबर चल.”

आईने हात पुसले. ती येऊन बसली. तिने तिकीट उचलून दोन्ही बाजूंनी बघितलं, तारीख, वेळ, नाव, जसं ती प्रवाशाचं तिकीट बघायची तसं, आणि पुन्हा मिठाच्या बाटलीखाली ठेवलं.  तिचा हात नकळत उजव्या गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला. साहेबांना वाटलं, की जमतंय. त्यांनी पुडकं आणून तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, की बाबांनी दिलंय, एकटे आहेत ते, बोलत नाहीत एवढंच.

आईने भाजी चिरायच्या सुरीने एकेक टाका उसवला. बाबांचे टाके, तिने घाई केली नाही. आतून खाकी कापड निघालं. तिने ते झटकून उघडलं, आणि ती काय चीज आहे हे साहेबांना कळायला जरा वेळ लागला. कडेला नाडी, मध्ये फुगीर, एका बाजूला बिल्ल्याच्या आकाराचा छोटा कप्पा. आईच्या जुन्या गणवेशाचं कापड होतं. आतून रेनकोटचं अस्तर. सॅकवर घालायची खोळ, पावसाची. आई उठली, कोपऱ्यातली सॅक घेऊन आली आणि खोळ चढवली. कुठे सुरकुती नाही, कुठे तंग नाही.

कप्प्यात एक चिठ्ठी होती. आईने वाचली आणि साहेबांकडे सरकवली. बाबांनी मापाच्या वहीतल्या पानावर लिहिलं होतं, की सॅक आणलीस त्या दिवशीच माप घेऊन ठेवलं होतं, पुढे पाऊस आहे असं ऐकतो, शिवण दुहेरी घातली आहे, घाईने परत येऊ नकोस.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अर्ध्या जगावरून त्यांनी आपल्याच विरुद्धचा पुरावा सांभाळून आणला होता, विमानात मांडीवर घेऊन. सूनबाई चहाच्या कपात बघत म्हणाली, की अस्तर मीच आणून दिलं होतं, तू विचारलं नाहीस. साहेब उठले आणि मागच्या गच्चीवर गेले.

गच्चीवर चादरी वाळत होत्या. थोड्या वेळाने आई आली आणि शेजारी उभी राहिली. साहेबांना जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून आलं. “लहानपणी बाबा मला सकाळी स्टँडवर आणायचे. मी रडत उभा असायचो. तू पायरीवर पाठ करून उभी असायचीस. दोन बेल द्यायचीस आणि जायचीस. एकदासुद्धा वळून बघितलं नाहीस, आई. एकदासुद्धा नाही.”

आई एका चादरीचा कोपरा सारखा करत राहिली. “ऐकू यायचं मला,” ती म्हणाली. “पन्नास माणसं गाडीत असायची. वळून बघितलं असतं तर दोन बेल वाजल्या नसत्या रे. एकच वाजली असती.”

 खाली जाताना तिने दुसऱ्या जिन्याला कठडा धरला, आणि साहेबांनी न बघितल्यासारखं केलं. पण हार मानणाऱ्यातले ते नव्हेत. तिकीट त्यांनी मिठाच्या बाटलीखालून काढून शर्टाच्या खिशात घातलं. उद्या स्टँडवर शेवटचं एकदा विचारायचं, दारात उभं राहून, असं त्यांनी ठरवलं. आई नाही म्हणाली नव्हती. ती हो म्हणाली नव्हती, हेही खरं, पण नाही म्हणाली नव्हती. आपण धरून बसलो तर ती येईल, असं त्यांना आतून वाटत होतं, आणि तेवढ्याचीच त्यांना भीतीही वाटायला लागली होती.

सकाळी विमानतळाची बस दहा वाजून दहा मिनिटांची होती आणि आईची पुढची बस त्यानंतर पाऊण तासाने, पलीकडच्या फलाटावरून. आई खाकी खोळ चढवलेली सॅक पाठीवर घेऊन आली होती. बाहेर ऊन होतं. खोळीची काहीएक गरज नव्हती. बस लागली तेव्हा स्टिअरिंगवर डेपोतला तो टकलू ड्रायव्हर निघाला. आईने त्याला हात केला, सवयीने पुढच्या चाकाला पाय लावून बघितला, दोघांच्या बॅगा पोटात नीट गेल्या का ते वाकून बघितलं आणि सूनबाईला जवळ घेतलं. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना तिने जवळ घेतलं तेव्हा तिचा हात त्यांच्या खिशावर आला आणि कागद करकरला. तिला कळलं असणार. 

साहेब मुद्दाम शेवटी चढले आणि दारातच वळले. वाक्य तयार होतं. त्यांनी तोंड उघडलं. आईने बोट फिरवून मोजलं, “एक, दोन.” तिसरा आकडा नव्हता. आणि तिचा उजवा हात, एकतीस वर्षांचा हात, आपणहून वर गेला आणि गाडीच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. टकलू ड्रायव्हरने आरशात बघितलं, हसला आणि दार बंद करून गाडी सोडली. साहेबांचं वाक्य दाराच्या अलीकडेच राहिलं. काचेतून त्यांना आईचा चेहरा दिसला, जीभ चावल्यासारखा. हात सवयीने गेला होता.

साहेब धडपडत मागच्या काचेपर्यंत गेले. गाडी फाटकातून बाहेर पडून सरळ रस्त्याला लागली होती. आई फलाट सोडून फाटकापर्यंत आली होती, आणि बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने सोडलेली गाडी तिला न घेता सुटली होती आणि ती गाडीकडे तोंड करून उभी होती. हात हलवत नव्हती. दोन्ही हातांनी सॅकचे पट्टे धरून नुसती बघत होती, पापणी न हलवता, जणू राहिलेलं सगळं आजच बघून घ्यायचं होतं.

 शेजारच्या खांबावर लाल बटण होतं. ते त्यांनी कधी दाबलं हे त्यांनाच कळलं नाही. टिंग. एकच.

दीडशे पावलांवरच्या थांब्यावर गाडी थांबली. मागचं दार उघडलं. उतरायला कुणी नव्हतं, चढायला कुणी नव्हतं. ड्रायव्हर आरशात बघत होता. सूनबाई बघत होती, पण तिने त्यांना हाक मारली नाही. साहेब पायरीवर उतरून उभे राहिले, एक हात दांडीला, खिशात तिकीट. एवढंच अंतर. हाक मारली तरी पोचली असती.

गाडी थांबलेली बघून फाटकातल्या आईने एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. तिसऱ्या पावलाला ती उजव्या पायावर जरा लचकली आणि तरी येतच राहिली, भरभर, काय झालं माझ्या पोराला अशी. आणि साहेबांना स्वच्छ दिसलं, की ही येईल. आपण नुसते इथे उभे राहिलो तरी ती येईल, गाडीत बसेल, घरी येईल आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. वडाच्या वळणाकडे बघत चहा पिईल.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. नजर काढून घेतली नाही. मग दारातून बाहेर झुकून त्यांनी हात वर केला आणि पत्र्यावर जोरात दोन थापा मारल्या.

आवाज तिथवर पोचला की नाही कोण जाणे, पण हात तिने बघितला. ती रस्त्याच्या कडेला थबकली. काही वेळ तशीच उभी राहिली. मग तिने खांद्यालाच डोळे पुसले, सॅक एकदा उडवून पाठीवर नीट बसवली, वळली आणि फाटकातून आत गेली. खाकी खोळ गर्दीतून बराच वेळ दिसत राहिली, पलीकडच्या फलाटाकडे जाताना. मागे वळून तिने एकदाही बघितलं नाही.

ड्रायव्हर अजून आरशात बघत थांबला होता. साहेब आत चढले.

“चला, जाऊ द्या,” ते मराठीतच म्हणाले, आणि गाडी सुटली.